नाजूक डिश आधी

अनघाने उजव्या हाताचा हातमोजा ओढून काढला आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता भिंतीवर भिरकावला. डाव्या हातातल्या मोबाइलवर पद्माकर सरांची मेल उघडी होती. मेलमध्ये एकच ओळ होती, ‘फायनल ड्राफ्ट जोडलाय, नजर टाक.’ ड्राफ्टच्या पहिल्या पानावर शीर्षक, आणि शीर्षकाखाली नावं. पहिलं तन्मय दीक्षित. दुसरं अनघा पेठे. मग इतर चौघांची, आणि अगदी शेवटी, प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं तिथे, सरांचं.

संशोधनाच्या जगात पहिलं नाव म्हणजे ज्याने काम केलं तो. शेवटचं म्हणजे ज्याच्या छपराखाली केलं तो. मधली नावं त्या त्या माणसांच्या आयांखेरीज कुणी वाचत नाही. आणि तन्मयला इथे येऊन सव्वा वर्ष झालेलं, फक्त सव्वा. तीन वर्षं या तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत बसलं कोण? बाहेर सिंगापूरचं ऊन घामटं काढत असताना आत एसीत स्वेटर घालून डोळे कोणी फोडले? आणि याने काय केलं? एक प्रोग्रॅम लिहिला. वा रे वा!

समोर स्क्रीनवर काम चालूच होतं. एका जिवंत मज्जापेशीचा लांबच लांब तंतू, आणि त्यातून सरकणारे हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पुडकं. पेशीच्या मुख्य भागात ते तयार होतं आणि तंतूच्या टोकापर्यंत वाहून नेलं जातं. वाहून नेणारे हमाल म्हणजे काही प्रथिनं, ती पाय टाकत टाकत खरोखर चालतात. मेलेल्या पेशीत यातलं काही दिसत नाही. पेशी जिवंत हवी, उबेत हवी, आणि प्रकाश इतकाच हवा की आपल्याला दिसावं पण तिला भाजू नये. ज्या आजारावर ही प्रयोगशाळा काम करत होती त्यात माणसाच्या पायाची बोटं आधी बधिर होतात, मग पावलं, मग चालणं जातं. अशा रुग्णांच्या त्वचेपासून वाढवलेल्या मज्जापेशी आणि निरोगी माणसांच्या मज्जापेशी अनघाने याच एका मायक्रोस्कोपखाली तपासल्या होत्या. एकूण दोनशे सहा डिश. रुग्णांच्या पेशींत पुडकी सावकाश जात होती, जवळजवळ एक तृतीयांशाने सावकाश. हा शोध तिचा होता. तिने तो आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आकडे मागाहून आले.

एवढ्या रागातही तिने फिल्म अर्ध्यात तोडली नाही. बारा मिनिटं पुरी होऊ दिली, लेझर बंद केला, डिश उचलून जागेवर ठेवली, आणि मग जिने चढत गेली. लिफ्टची वाट बघायचा धीर तिला नव्हता.

“तन्मय पहिला कसा?” तिने दारातूनच विचारलं.

पद्माकर सर थर्मासमधून चहा ओतत होते. साठीला आलेला माणूस, तीस वर्षं सिंगापुरात, पण चहा अजून घरून आणायचा. त्यांनी वर पाहिलं.

“बस.”

“बसायला नाही आले.”

“अनघा, पेपर त्याने लिहिलाय. ठिपके मोजायचा प्रोग्रॅम त्याचा आहे.”

“आणि मोजले कशातले? आकाशातून पडले ठिपके?”

“तुझं नाव दुसरं आहे. दोघांच्या नावांवर तारा टाकलाय बघ. काम सारखं आहे, अशी खाली टीप आहे.”

“तारा घेऊन काय करू? केसात माळू?”

सरांनी थर्मासचं झाकण सावकाश फिरवून बसवलं. त्यांचा हा सावकाशपणा तिला नेहमीच डोक्यात जायचा. आज तर तो कप उचलून खिडकीबाहेर फेकावा असं तिला वाटलं.

“हे बघ,” ते म्हणाले, “त्याचा इथे काम करायचा पास सप्टेंबरला संपतोय. तोवर हातात पेपर नसेल तर पोराला गाशा गुंडाळावा लागेल. तुझं तसं नाही. तू पीआर आहेस, इथली कायमची रहिवासी. यशोधन चांगी बिझनेस पार्कात बँकेत पक्का आहे. सेंगकांगला तुमचं घर झालंय. तुला काय घाई आहे?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“माझ्या नवऱ्याच्या नोकरीचा आणि माझ्या दोनशे सहा डिशचा संबंध काय?”

“आवाज जरा खाली.”

“नाही होत खाली.”

“मी यशोधनशीसुद्धा बोललो होतो. आमच्याकडे सत्यनारायणाला आला होतात ना, तेव्हा. त्याला काही गैर वाटलं नाही.”

त्या दिवशी अनघा सरांच्या कॉन्डोच्या स्वयंपाकघरात सुरेखावहिनींबरोबर पुऱ्या लाटत होती. पन्नास माणसांच्या पुऱ्या. आणि बाहेर सोफ्यावर बसून हे दोघे तिच्या तीन वर्षांचं वाटप करत होते. वर त्याच पुऱ्या खाऊन ढेकर दिले असतील.

“आणि हो,” सर म्हणाले, जणू विषय संपलाच होता, “जर्नलच्या परीक्षकांनी निरोगी माणसांच्या आणखी सहा डिश मागितल्यात. शुक्रवारपर्यंत पाठवायचंय. तेवढ्या तू करून दे. तुझा हात बसलाय त्यात.”

नाही म्हणावं असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण त्या पेशी तीन आठवडे तिनेच वाढवल्या होत्या, रोज खायला घालून, आणि त्या आता वाया घालवणं तिच्याने होणार नव्हतं. हे सरांना पक्कं ठाऊक होतं. ती वळली आणि तिने दार आपटायला ओढलं. तेही जमलं नाही. दाराला वर ते हळू मिटवणारा दांडा होता. ते आपल्या सवडीने, आवाज न करता मिटलं.

संध्याकाळी यशोधन घरी आला तेव्हा ती हॉलच्या मधोमध उभी होती. त्याने बूट काढायच्या आतच तिने विचारलं.

“सरांना तू काय सांगितलंस?”

“कशाबद्दल?”

“माझ्या नावाबद्दल. सत्यनारायणाच्या दिवशी.”

यशोधनने एक बूट काढला. दुसऱ्याची नाडी सोडायला त्याला उगाच वेळ लागला.

“काही विशेष नाही. ते म्हणाले, तन्मयची अडचण आहे. मी म्हटलं, अनघा समजून घेईल.”

“मला विचारलंस?”

“विचारलं असतं तर तू चिडली असतीस.”

“मग चिडले असते! माझं होतं ते, मी चिडले असते! तू कोण परस्पर देणारा?”

“अगं, आपलं बरं चाललंय ना? एका नावाने काय...”

“एका नावाने? तुझ्या प्रमोशनच्या पत्रावर उद्या शेजाऱ्याचं नाव घातलं तर चालेल तुला? दुसरं तुझं घालू हवं तर.”

नऊ वर्षांची अवनी आतल्या खोलीच्या दारात आली. हातात पेन्सिल होती.

“आई, डोन्ट शाउट लाह. नेबर कॅन हिअर.”

“ऐकू दे नेबरला,” अनघा म्हणाली. पण पोरीचा चेहरा बघून ती आत गेली आणि कुकर लावला. डाळ घालताना अर्धी ओट्यावर सांडली. ती भरूनही न घेता ती तशीच उभी राहिली. यशोधन मागे येऊन उभा राहिला, काही बोलेल असं वाटलं, मग फडकं घेऊन त्याने डाळ पुसून घेतली आणि निघून गेला. माफी मागायची सोडून फडकं! तिला रडू आलं नाही याचाही राग आला.

बुधवारी सकाळी साडेआठला ती तळघरात होती. मायक्रोस्कोपभोवती काचेची मोठी पेटी होती. तिच्यात गरम हवा सोडली की पेशींना शरीरात असल्यासारखं वाटतं. स्क्रीनवर सदतीस अंश दिसले की काम सुरू. तिने भिंगावर तेलाचा थेंब सोडला, त्यावर निरोगी माणसाच्या पेशींची पहिली डिश ठेवली आणि खोलीतला दिवा घालवला.

तीन वर्षांत सकाळच्या पहिल्या पाळीला निरोगी डिश तिने आज पहिल्यांदाच लावली होती. तिचा शिरस्ता वेगळा होता. रुग्णांच्या पेशी नाजूक, जरा ताटकळल्या की मान टाकतात, म्हणून त्या आधी. पंगतीत लहानांची पानं आधी वाढतात, तसं. निरोगी डिश दुपारी, त्या कितीही वेळ तग धरतात. हा नियम तिने स्वतः घातला होता आणि एकदाही मोडला नव्हता. आज परीक्षकांनी निरोगीच मागितल्या होत्या, म्हणून दिवसाची सुरुवातच त्यांनी झाली.

ठिपके रेंगाळत होते.

ती स्क्रीनजवळ सरकली. चांगल्या पेशीत ठिपके कसे सुळकन जातात ते तिला झोपेतही दिसत असे. हे तसे नव्हते. हे रुग्णासारखे चालत होते. पेशी बऱ्या नाहीत, तिला वाटलं, काल आपण रागाने आदळआपट केली तेव्हा काहीतरी बिघडवलं. तिने दुसरी डिश लावली. तीही तशीच. तिसरी किंचित बरी. शिव्या घालायला तन्मय होता, सर होते, नवरा होता; त्या सगळ्यांना तिने मनातल्या मनात भरपूर घातल्या. साडेअकराला तिने चौथी लावली आणि चौथी पळू लागली.

अनघाने घड्याळ पाहिलं. मग पेटीवर हात ठेवला. मग, कुणी सांगितलं नव्हतं, पण ती वर गेली आणि गेल्या आठवड्यातली उरलेली रुग्णाची एक डिश घेऊन आली. दुपारचे साडेबारा झाले होते. रुग्णाच्या पेशी दुपारी साडेबाराला तिने कधीच पाहिल्या नव्हत्या.

ठिपके सुळकन जात होते. निरोगी माणसाच्या ठिपक्यांइतकेच, अगदी तस्से.

तिने डिश काढली, पुन्हा लावली, दुसऱ्या कोपऱ्यातला तंतू शोधला. तिथेही तेच. आजारी पायांच्या माणसाचे हमाल काही न झाल्यासारखे ओझं घेऊन धावत होते.

मायक्रोस्कोपची देखभाल बघणारी हुई मिन शेजारच्या खोलीत जेवणाचा डबा उघडत होती. अनघाने तिच्याकडे तारेचा बारीक थर्मामीटर मागितला.

“फॉर व्हॉट? स्क्रीन ऑलरेडी थर्टी-सेवन, नो?” हुई मिनने इंग्रजीत विचारलं.

“ही पेटी रात्री बंद असते?”

“बिफोर, होल नाइट ऑन. नाऊ टेन ओ’क्लॉक ऑल ऑफ. ग्रीन बिल्डिंग, सेव्ह पॉवर, मा. थ्री इयर्स ऑलरेडी. आय पुट नोटीस ऑन द डोअर, यू नेव्हर सी?”

नोटीस तिने पाहिली होती. रोज पाहिली होती. सकाळी सुरू केल्यावर गरम व्हायला चार तास द्या, असं त्यात लिहिलं होतं. पण अर्ध्या तासात स्क्रीनवर सदतीस दिसतात, मग चार तास कशाला? हवा गरम झाली की झालं, असं ती नव्या येणाऱ्यांना ठणकावून सांगत असे. हवा गरम होते. भिंगाचं ते किलोभर लोखंड एसीत रात्रभर गारठलेलं असतं, ते नाही होत. आणि तेलाच्या थेंबातून ते डिशमधली ऊब शोषत राहतं. थंडीत माणसं हळू चालतात, प्रथिनंही चालतात. गुरुवारी सकाळी साडेआठला तिने तार डिशमध्ये बुडवून पाहिली. स्क्रीनवर सदतीस. तारेवर तेहेतीस.

म्हणजे पुडकी सावकाश जात होती ती आजाराने नाही. सकाळ होती म्हणून.

ती कॅन्टीनमध्ये जाऊन कोपी, इथली दाट कॉफी, घेऊन बसली आणि प्यायची विसरली. तीन वर्षं. दोनशे सहा डिश. शोध! कसला डोंबलाचा शोध, गार भिंगाचा! आणि मग, कपावर साय धरत असताना, तिला आठवलं की पेपरवर पहिलं नाव आपलं नाही.

तन्मयचं आहे.

तिला हसू आलं, बरं नव्हतं ते हसू. काही करायचीही गरज नव्हती. खोटं बोलायचं नव्हतं, आकडे फिरवायचे नव्हते. सहाही डिश दुपारी नव्याने घ्यायच्या, नेहमीसारख्या. त्या पळतील. पेपर शुक्रवारी जाईल. आज ना उद्या जगातल्या कुठल्यातरी प्रयोगशाळेत कुणीतरी हा प्रयोग करून पाहील, त्याला काही सापडणार नाही, आणि तो लिहील, दीक्षित आणि इतर यांचा निष्कर्ष चुकीचा आहे. दीक्षित आणि इतर! घे म्हणावं पहिलं नाव. घ्या म्हणावं, सर, सत्यनारायणाचा प्रसाद. ती स्वतः ‘इतर’मध्ये सुखाने बसून राहील.

तिने वाट पाहिली. दुपारी एक वाजता काम सुरू केलं आणि निरोगी पेशींच्या सहा डिश एकामागून एक घेतल्या. सगळ्या पळाल्या. साडेतीनला तिने फायली बंद केल्या तेव्हा तिचा हात अगदी स्थिर होता.

पावणेचारला दारावर टकटक झाली. तन्मय आत आला. तिशीचा, उंच, कायम पाठीत वाकलेला. तिच्यासमोर तर जास्तच. हातात लॅपटॉप उघडाच होता.

“अनघाताई, फायली आल्या. सहा आजच्या आणि...” तो थांबला. “बुधवारच्या पण आल्यात. सर्व्हरवर आपोआप चढतात ना. त्या घ्यायच्या का?”

त्या पुसायच्या राहिल्या होत्या हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “तुला काय वाटतं?”

“तुम्ही म्हणाल तसं.”

त्याने खाली पाहिलं होतं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अनघाला कळलं. याला दिसलंय. याला सगळं दिसलंय आणि हा गप्प आहे. आपण गप्प बसायचं ठरवलं ते एक, पण हा? पहिल्या नावाचा मानकरी?

“तुम्ही म्हणाल तसं म्हणजे काय?” तिचा आवाज चढला. “डोळे आहेत ना तुला? त्या फायलींत काय दिसलं ते बोल!”

“सकाळच्या तीन हळू आहेत. निरोगी असून.”

“आणि?”

“आणि रुग्णाची एक आहे, दुपारची. ती नॉर्मल आहे.” त्याने लॅपटॉप मिटला. “ताई, सगळ्याच सकाळच्या हळू आहेत. पहिल्यापासून. फायलीवर वेळ असते ना. मला मार्चमध्येच दिसलं होतं.”

“मार्चमध्ये!” ती उभी राहिली. स्टूल मागे कलंडलं. “आता मे चाललाय! दोन महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास आणि वर पहिलं नाव घेतलंस? लाज नाही वाटली?”

“मी सरांना विचारलं होतं.”

“काय म्हणाले?”

तन्मयने लॅपटॉप दुसऱ्या काखेत घेतला.

“काय म्हणाले, तन्मय?”

“म्हणाले, योगायोग असेल. अनघाला विचारू नकोस, ती चिडते.”

पेटीतला पंखा गुणगुणत होता. असंच वाक्य तिने मंगळवारी घरी ऐकलं होतं.

“मला थेट विचारायचंस.”

“विचारलं होतं.” तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलला. त्याचा आवाज कापत होता, पण भीतीने नव्हे. तोही चिडलेला होता. “आल्यावर पहिल्याच आठवड्यात. डिशचा क्रम कधी बदलत का नाही, म्हणून. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, तू कोड लिही, हात मी चालवते. त्यानंतर मी तुम्हाला काही विचारलेलं नाही. कुणीच विचारत नाही ताई.”

तिला ते आठवेना. तिने खूप आठवून पाहिलं. पण वाक्य तिचंच होतं, यात तिळमात्र शंका नव्हती. तिच्याखेरीज असं कोण बोलणार?

“चल,” ती म्हणाली.

सरांनी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अडवलं नाही. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“दुपारच्या सहा आहेत ना चांगल्या? मग झालं. बुधवारच्या बाद करू. पेशी ठीक नव्हत्या, एवढंच.”

“पेशी ठीक होत्या सर. भिंग गार होतं.”

“अनघा.” ते खुर्चीत पुढे झुकले. “तुला नावाचं लागलंय, मला कळतंय ते. माझं चुकलंच. क्रम बदलतो मी. तुझं पहिलं, तन्मयचं दुसरं. तन्मय, तुझं काही म्हणणं?”

तन्मयने मान हलवली. सरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि तिच्यादेखत दोन नावं उलटी केली. अनघा पेठे, तन्मय दीक्षित. काळ्या ठसठशीत अक्षरांत. किती छान दिसत होतं! खोटं कशाला सांगा, क्षणभर तिला ते घ्यावंसं वाटलं. क्षणभर कसलं, चांगला मिनिटभर.

“मंगळवारी मागितलं तेव्हा ते माझं होतं,” ती म्हणाली. “तेव्हा दिलं नाहीत. आज मी तोंड बंद ठेवावं म्हणून देताय.”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे! माझ्या चुकीला तुम्ही योगायोग म्हणालात, कारण तुम्हाला पेपर हवा होता. मी चिडते म्हणे! चिडतेच मी. पण विचारायचंत ना. चिडून शेवटी मोजलंच असतं मी.” तिला धाप लागली होती. “पेपर मागे घ्यायचं पत्र मी लिहिते. त्यात चूक कोणाची ते लिहावं लागेल. तिथे माझं एकटीचं नाव घाला. याचं नको, तुमचं नको.”

“आणि त्याच्या पासचं काय?” सरांनी हळू विचारलं. “हा विचार केलास?”

तिने केला नव्हता. तिने तन्मयकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

पत्र सहा ओळींचं झालं. ते तिने सरांच्याच टेबलाशी उभ्याने लिहिलं. सरांनी वाचलं, एक शब्द बदलायला सांगितला, तिने बदलला नाही. चार वाजून चाळीस मिनिटांनी ते गेलं.

जिन्यातून उतरताना तन्मय तिच्या मागे होता. तळघराच्या खोलीत शिरल्यावर तिने कलंडलेलं स्टूल सरळ केलं आणि बसली. तन्मय दारातच घुटमळला.

“विचार,” ती म्हणाली.

“काय?”

“पहिल्या आठवड्यात विचारलं होतंस ते.”

“आता तुम्हाला माहीत आहे ना. आणि सप्टेंबरला तर मी जाईनच.”

“सप्टेंबरला चार महिने आहेत. विचार म्हटलं ना!”

तन्मयने घसा खाकरला. “रुग्णांच्या सगळ्या डिश सकाळीच का घेतल्या? क्रम का नाही बदलला?”

आणि तिला राग आला. एवढं सगळं होऊनही आला, चांगला सणसणून. हा कालचा पोरगा, हा मला विचारणार? राग गळ्यापर्यंत चढला. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि तो तिथेच राहू दिला.

“नाजूक म्हणून आधी घ्यायचे,” ती म्हणाली. “बदलायला हवा होता. माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि नोटीस वाचून मी ती मानली नाही.”

तन्मयने मान डोलावली. पण तो जाईना. त्याने खिशातून मोबाइल काढला, अंगठ्याने काहीतरी वर सरकवत राहिला.

“आणखी आहे काही?” अनघाने विचारलं.

“आहेत. लिहून ठेवलेत.”

“किती?”

“अकरा.”

अकरा! सव्वा वर्षभर हा माणूस शेजारच्या टेबलावर बसून तिला विचारायचे प्रश्न मोबाइलवर लिहून ठेवत होता. अनघाने दुसरं स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं.

“बस,” ती म्हणाली. “दुसरा सांग.”